खाडा, वही आणि गरम पोळी: मुकुंदवाडीच्या खानावळीचं गणित नेमकं चालतं कसं?

छत्रपती संभाजीनगरचं खाणं म्हणून मोबाईलवर रील शोधली की काय काय येतं? नान खलिया येतं, तारा पान येतं, गुलमंडीच्या आसपासची मिठाई येते. शहरात पाहुणा आला की त्याला तिकडेच नेतात, त्यात चूक काहीच नाही.

पण शहरातले हजारो लोक रोज दोन वेळा जिथं जेवतात, ती जागा या रीलमध्ये कधी दिसत नाही. जालना रोडवरून मुकुंदवाडीच्या आत वळलं की गल्लीगल्लीत ती सापडते. घराचीच पुढची खोली, तीन-चार टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर देवाचं कॅलेंडर आणि दारावर पाटी: "घरगुती जेवण मिळेल. मासिक मेंबर घेणे चालू आहे."

हीच खानावळ. हल्लीची पोरं तिला मेस म्हणतात.

तिथलं जेवण साधं असतं. फोटो काढावा असं ताटात काही नसतं. तरी रूमवर राहणाऱ्या माणसाला विचारा, गावाकडून आल्यावर पहिल्या महिन्यात कशानं सावरलं? बरेच जण मेसचंच नाव घेतील. बाहेरच्या हॉटेलात रोज जेवलं तर खिसा आणि पोट दोन्ही बिघडतात, खानावळीत तसं होत नाही. का होत नाही, हे समजून घ्यायचं तर ताटाच्या मागचा हिशेब बघावा लागतो. तो दिसतो तितका सोपा नाही.

मुकुंदवाडीतच एवढ्या खानावळी का?

मुकुंदवाडी हे मुळात शहराच्या पूर्वेचं एक गाव. साठच्या दशकात शेजारी चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली. 1972 साली सिडकोकडे नवं औरंगाबाद वसवायचं काम आलं आणि गावाच्या अवतीभवती 'एन-1', 'एन-2' अशा नावांचे सेक्टर उभे राहिले. त्याच वर्षी मराठवाड्यात असा दुष्काळ पडला की आजही घरातली म्हातारी माणसं काळ मोजताना 'बहात्तरच्या आधी' आणि 'बहात्तरच्या नंतर' असंच बोलतात. जालना, बीड, परभणीकडची माणसं कामासाठी शहराकडे सरकत राहिली. पुढे शहराच्या पश्चिमेला वाळूज वाढलं, पूर्वेला शेंद्रा आलं. चिकलठाणा आणि शेंद्र्याकडे जाणाऱ्याला मुकुंदवाडी सोयीची पडते: जालना रोड दारात, स्वतःचं छोटं रेल्वे स्टेशन आणि भाडं सिडकोच्या बंगल्यांपेक्षा कमी.

म्हणून इथं एकट्या माणसांच्या खोल्या जास्त. कंपनीत कंत्राटावर लागलेला पोरगा, आयटीआय करून अप्रेंटिस झालेला, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला वेल्डर. चौघं मिळून एक खोली घेतात. गॅस घेतला तर ठेवायला जागा नसते, आणि तीन पाळ्यांत काम करणाऱ्या चौघांचं एका वेळी जेवणही जमत नाही.

जिथं अशा खोल्या, तिथं खानावळ.

तसं पाहिलं तर या शहराचा सगळ्यात प्रसिद्ध पदार्थही घर सोडून आलेल्यांच्याच जेवणातला आहे, असं सांगतात. मुहम्मद बिन तुघलकानं 1327 साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली आणि त्याच्या फौजेसाठी मोठमोठ्या भांड्यांत जे शिजलं, त्यातून नान खलिया आलं, अशी कथा आहे. खरी-खोटी इतिहासकारांनी ठरवावी. पण सुलतानाच्या लहरीपायी दिल्ली सोडून इतक्या दूर आलेल्या शिपायाला रात्री गरम रस्सा आणि नान मिळालं असेल, तर त्याला काय वाटलं असेल, हे मुकुंदवाडीच्या कुठल्याही मेस मेंबरला सांगता येईल.

ताटात काय असतं?

दोन भाज्या, एक सुकी आणि एक रस्स्याची. वरण किंवा आमटी, पोळ्या, भात, कांदा-लिंबू, लोणचं. वर्षाचे बहुतेक दिवस एवढंच. पण हे ताट मराठवाड्याचं आहे हे दोन घासांत कळतं. रस्स्याला काळा मसाला लागतो. कधी आमटीत येसर पडतो. धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं हे पीठ लग्नाकार्यात हमखास निघतं, आणि त्याच्या आमटीचा वास आला की गावातलं एखादं लग्न आठवतंच. ताटाच्या कडेला शेंगदाण्याची चटणी किंवा ठेचा असतो. भाजी बेचव झाली तरी जेवण उचलून धरायची जबाबदारी ठेच्याचीच. पावसाळ्यात भाज्या महागल्या की पिठलं, पाटवडीचा रस्सा, मटकी, शेवभाजी. शेवभाजी खरं तर खानदेशची, पण अजिंठ्याचा घाट उतरलं की खानदेशच लागतो, त्यामुळे ती इथं परकी राहिलेली नाही. एखाद्या संध्याकाळी दह्यासोबत धपाटे असले की कुणी गैरहजर राहत नाही.

आणि भाकरी?

इथं एक गंमत आहे. मराठवाड्याचं रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी. गव्हाची पोळी सणाची किंवा पाहुण्यासाठीची. आजच्या खानावळीत बरोबर उलटं झालंय. रोज पोळी, आणि भाकरी आठवड्यातून एखाद्या दिवशी, नाहीतर वेगळे पैसे घेऊन. त्याचं कारण शेतात आहे. ज्वारीच्या रानात सोयाबीन आणि कापूस आला. ज्वारी काढायला माणसं लागतात, ती मिळत नाहीत. गहू रेशनवरही मिळतो आणि बाजारातही ज्वारीपेक्षा स्वस्त पडतो. शिवाय पोळ्या दोघी-तिघी मिळून भराभर लाटतात. भाकरी मात्र एकेक थापावी लागते, तव्यावर पाणी फिरवून, मग आरावर फुगवून. चाळीस माणसांना प्रत्येकी दोन म्हटलं तरी ऐंशी भाकरी. ज्यांच्या आज्या 'पोळी खायला मिळावी' म्हणून दिवाळीची वाट बघायच्या, त्यांचे नातू आता 'आज भाकरी आहे का' म्हणून मेसमध्ये फोन करतात.

खाडा म्हणजे काय?

आता हिशेबाकडे येऊ. खानावळ आणि हॉटेल यांच्यातला खरा फरक इथंच आहे.

हॉटेलात माणूस जेवतो, पैसे देतो, निघून जातो. खानावळीत तो मेंबर होतो. महिन्याचा दर ठरतो, दोन वेळचा किंवा एक वेळचा. नावाचं कार्ड बनतं किंवा वहीत पान उघडलं जातं. जेवला की खूण. न जेवलेल्या दिवसाला म्हणतात खाडा. महिनाअखेर खाडे मोजून पैसे वजा होतात किंवा तेवढे दिवस पुढच्या महिन्यात धरले जातात.

मेसमधली सगळ्यात जास्त भांडणं या एका शब्दावरून होतात. मेंबरचं म्हणणं, "दोन दिवस नव्हतो, दोन दिवसांचे पैसे कापा." मावशींचं म्हणणं, "सलग चार दिवस गेलास आणि आधी सांगितलंस तरच खाडा." ऐकणाऱ्याला वाटतं, मावशी चिकट आहेत. पण न सांगता एक मेंबर आला नाही तर त्याची भाजी शिजलेली असते, पीठ मळलेलं असतं. तो जेवला नाही म्हणून खर्च काही वाचत नाही. चार दिवस आधी सांगून गेला तरच बाजारातून आणायची भाजी कमी करता येते. खाड्याचा नियम म्हणजे शिजवणारीचं नुकसान कुठपर्यंत, हे आखून घेतलेली रेघ आहे.

एक हिशेब मांडून बघू. समजा दोन वेळचे महिन्याला 3,000 रुपये. जेवणं साठ, म्हणजे एका जेवणाला 50 रुपये. या पन्नासात गहू, तांदूळ, डाळ, तेल, भाजी, मसाला येतो. खोली भाड्याची असेल तर भाडं येतं. पोळ्या लाटायला येणाऱ्या ताईंची मजुरी येते, काही ठिकाणी ती पिठाच्या किलोवर तर काही ठिकाणी महिन्यावर ठरते. व्यवसायाला 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर चालत नाही, 19 किलोचा व्यावसायिकच लागतो आणि त्याचा दर बहुतेक दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतो. मेंबरचा दर मात्र तसा बदलता येत नाही. गॅस महागला म्हणून पन्नास रुपये वाढवले की चार मेंबर शेजारच्या गल्लीत जातात.

मग मेळ कुठं बसतो? तो बसतो बटाट्यात. अनलिमिटेड जेवणाचं अर्थशास्त्र बटाट्याइतकं दुसऱ्या कुणालाच कळलेलं नाही. वांगं महागलं की वांग-बटाटा होतो, फ्लॉवर महागला की फ्लॉवर-बटाटा. भाजी दुसऱ्यांदा मागितली की रस्सा येतो, फोडी येत नाहीत. पोळी गरम पण एकेक येते, तेवढ्या वेळात पोटाला भरल्याची जाणीव होते. भात शेवटी. जुन्या मेंबरांना हे सगळं माहीत असतं आणि त्यात कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही. घरातही आई असंच करते.

पण सगळ्यात मोठं ओझं भाजीचं नाही, उधारीचं आहे. पाटीवर 'पैसे ॲडव्हान्स' लिहिलेलं असतं, पण कंत्राटी कामगाराचा पगार दहा तारखेला होणार की वीस, हे त्याच्या ठेकेदारालाही सांगता येत नाही. "मावशी, पगार झाला की देतो" हे वाक्य प्रत्येक खानावळीत दर महिन्याला ऐकू येतं. मावशी 'बरं' म्हणतात, कारण उपाशी पोराला दारातून परत पाठवणं जमत नाही, आणि पाठवलं तर तो मागचेही पैसे न देता दुसरी मेस धरेल हेही कळतं. किराणा दुकानदाराला मात्र वेळेवर द्यावे लागतात. म्हणजे कारखान्याचा पगार लांबला की त्याचा भार सरकत सरकत शेवटी चुलीपुढे उभ्या असलेल्या बाईवर येऊन थांबतो. कागदावर ती कुणाची सावकार नाही, पण रोज संध्याकाळी चाळीस माणसांना बिनव्याजी कर्ज देते.

पाण्याचा खर्च वेगळाच

मुकुंदवाडीच्या खानावळीला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, जी पुण्या-मुंबईच्या खानावळीला इतकी टोचत नाही. पाणी.

2019 मध्ये मुकुंदवाडीची बातमी जगभरच्या माध्यमांत गेली होती. इथली लहान मुलं घागरी आणि कॅन घेऊन मुकुंदवाडी स्टेशनवर रेल्वेत चढायची, औरंगाबाद स्टेशनवर उतरून नळावर भांडी भरायची आणि परतीच्या गाडीनं यायची. जाऊन-येऊन सुमारे 14 किलोमीटर, तेही रोज. जायकवाडीसारखं प्रचंड धरण याच जिल्ह्यात, पैठणला आहे. शहराचं पाणी तिथूनच येतं, पण अनेक भागांत नळाला कित्येक दिवसांनी एकदा. नव्या पाणीपुरवठा योजनेचं भूमिपूजन डिसेंबर 2020 मध्ये झालं, तेव्हा ती 1,680 कोटींची होती. पुढे खर्च वाढत गेला आणि लोकांचं वाट बघणंही.

आता चाळीस माणसांच्या खानावळीचा विचार करा. दोन वेळची ऐंशी ताटं, तेवढ्या वाट्या, पेले, पातेली. तांदूळ धुणं, डाळ भिजवणं, पीठ मळणं, पिण्याचं पाणी. टँकर आणि जारचा खर्च पुन्हा त्याच पन्नास रुपयांत. उन्हाळ्यात एखाद्या खानावळीत ताटाऐवजी पत्रावळ दिसली तर तो गावरान थाट नसून भांडी घासायचं पाणी वाचवणं असू शकतं.

ही पद्धत आली कुठून?

खानावळ जुनी आहे, पण तिला मोठं रूप दिलं मुंबईच्या गिरणगावानं. लालबाग, परळ, शिवडी, वरळी. कोकणातून, साताऱ्याकडून आलेले गडी एका खोलीत दाटीवाटीनं राहायचे, पाळी संपवून आलेला झोपायचा तेव्हा दुसरा कामावर निघायचा. बायका-मुलं गावाला. या गड्यांना जेवू घालायच्या त्याच चाळीतल्या बाया. दहा-वीस माणसांचा स्वयंपाक एका खोलीच्या घरात, आणि त्याच खोलीत स्वतःचा संसार. बऱ्याचदा कोकणातला गडी कोकणातल्या बाईकडे, घाटावरचा घाटावरच्या बाईकडे, कारण जिभेला गावची चव हवी असायची. यात जातीची कुंपणंही होती, हे विसरून चालणार नाही. कुणाच्या पंगतीला कोण बसेल, हे गावातून मुंबईला येताना गाठोड्यात बांधूनच आलेलं होतं.

पैसे पगारानंतर. तोवर वाण्याकडून किराणा उधार, नाहीतर सावकाराकडून चढ्या व्याजानं पैसे, गहाण काय तर अंगावरचं सोनं. संप झाला की गिरणी बंद, पगार बंद, पण जेवण बंद करता येत नसे. कामगारांचा लढा चालू राही, त्यात त्यांना जेवू घालणाऱ्या बाईचं नाव कुठं येत नसे.

कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांना ही गोष्ट खटकली. तरुणपणी गोवा मुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या या बाईंनी 1975 साली खानावळवाल्यांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभं केलं. सुरुवात 14 बायांपासून झाली. बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकीला 1,500 रुपयांचं कर्ज मिळालं. तारण ठेवायला कुणाकडे काही नव्हतं, म्हणून बायांनी एकमेकींची हमी घेतली. 1969 मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर गरिबांना कर्ज द्यायचं धोरण आलं होतंच, पण चाळीत स्वयंपाक करणारी बाई हीसुद्धा 'व्यावसायिक' आहे हे बँकेच्या टेबलावर पटवून द्यायला कुणीतरी लागतं. बायांनी हप्ते फेडले, मग आणखी बाया आल्या, संख्या हजारांत गेली. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेचं नाव जगाच्या कानावर पडायच्या आधीची ही गोष्ट. पुरव यांना 2002 साली पद्मश्री मिळाली.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे अनेक गिरण्या पुन्हा नीट सुरू झाल्याच नाहीत, गडी गावाला परतले. खानावळीच्या वह्यांमधली त्यांची पानं तशीच राहिली असतील, तर त्याचा हिशेब कुठल्याही आयोगानं मांडलेला नाही.

फिलिपिन्समध्येही असंच काहीसं

घर सोडून आलेल्याला घरासारखं जेवू घालणारी गल्लीतली छोटी जागा, ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. फिलिपिन्समध्ये तिला 'कारिंदेरिया' म्हणतात. रस्त्याकडेला किंवा घराच्याच पुढच्या भागात मांडलेली पातेली, लाकडी बाकडी, समोर स्वयंपाक करणारी बाई. मेन्यूकार्ड नसतं. गिऱ्हाईक पातेल्याचं झाकण उचलून बघतं आणि बोट दाखवतं. म्हणून या जागांना 'तुरो-तुरो' असंही नाव आहे, 'तुरो' म्हणजे बोटानं दाखवणं. ताटात भाताची मूद, त्यावर एखादं कालवण. व्हिनेगर, सोया सॉस आणि लसणात शिजवलेलं मांस म्हणजे 'आदोबो'. चिंचेचा कोळ घातलेलं आंबट, पातळ 'सिनिगांग' तर चिंचेच्या साराची सवय असलेल्या मराठी माणसाला पहिल्या घोटातच ओळखीचं वाटेल. रोजच्या गिऱ्हाइकाला तिकडे 'सुकी' म्हणतात. त्याची उधारी चालते, आणि त्याच्या पानात थोडं जास्त पडतं.

आता 'कारिंदेरिया' शब्द पुन्हा वाचा. त्यात 'कारी' आहे, म्हणजे आपल्याकडची 'करी'. 1762 साली इंग्रजांनी स्पेनच्या ताब्यातलं मनिला घेतलं, तेव्हा त्यांच्या फौजेत मद्रासकडचे शिपाई होते. 1764 मध्ये इंग्रज निघून गेले, पण काही शिपाई मनिलाजवळच्या काइंता गावात राहिले, तिथंच त्यांचे संसार झाले. त्यांच्या करीवरून हा शब्द रुजला, असं तिकडे सांगितलं जातं. तुघलकाच्या नान खलियासारखीच हीसुद्धा घरापासून तुटलेल्या शिपायांच्या जेवणाची गोष्ट.

सरकारी थाळी असताना खानावळ कशाला?

स्वस्त जेवणाचे प्रयोग सरकारनंही केले. 1995 मध्ये युतीचं सरकार आलं आणि एक रुपयात झुणका-भाकर मिळू लागली. काही वर्षांत योजना बंद पडली, बऱ्याच केंद्रांच्या जागी दुसरीच दुकानं आली. 26 जानेवारी 2020 ला महाविकास आघाडी सरकारनं दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली: 30 ग्रॅमच्या दोन पोळ्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भात, 100 ग्रॅम वरण. कोरोनात ती पाच रुपयांना आणि पुढे काही काळ मोफतही दिली गेली. त्या दिवसांत या थाळीनं अनेकांना तगवलं, त्यामुळे तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण आठ तास मशीनवर उभा राहणाऱ्याचं दोन पोळ्यांत भागत नाही. आणि थाळी देणाऱ्याला घेणाऱ्याचं नाव माहीत नसतं. खानावळीत तिसऱ्या दिवशी नाव कळतं, दहाव्या दिवशी आवड. "याला कारलं वाढू नका, ताटात ठेवतो." "अंगात ताप आहे का? आज भाजी नको खाऊ, मऊ भात देते." पन्नास रुपयांत हे धरलेलं नसतं, तरी ते मिळतं. उलट बाजूही आहे. कुठं तेल पुन्हा पुन्हा तापवतात, कुठं सोडा घालून डाळ शिजवतात, कुठं रात्रीचं वरण सकाळी फोडणी घालून परत येतं. छोट्या खाद्यव्यवसायाला एफएसएसएआयची साधी नोंदणी लागते आणि ती ऑनलाइन होते, तरी अनेक घरगुती खानावळी तिच्यावाचूनच चालतात. 'घरगुती' लिहिलं की स्वच्छता आलीच, असं धरून चालणं भाबडेपणाचं. नवी मेस लावायच्या आधी दोन-तीन दिवस सुटं जेवून बघणं, जमलं तर आत डोकावणं, आणि खाड्याचा नियम पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारून घेणं, एवढं तर करावंच.

मार्च 2020

टाळेबंदी लागली आणि खानावळींचे दरवाजे एका दिवसात बंद झाले. मेंबर निघून गेले, वहीतली बाकी वहीतच राहिली. जे निघू शकले नाहीत, त्यांच्याकडे खोली होती पण चूल नव्हती. रोजचं जेवण दुसऱ्याच्या हातचं असणं म्हणजे काय, हे तेव्हा कळलं.

मुकुंदवाडीवरून जी रेल्वेलाइन जाते, तीच पूर्वेला चिकलठाणा, करमाड, बदनापूर करत जालन्याला पोहोचते. 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ याच रुळांवर मालगाडीखाली 16 मजूर गेले. मध्य प्रदेशातले ते कामगार जालन्यातल्या पोलाद कारखान्यात कामाला होते. गावी जाणारी गाडी मिळेल या आशेनं रात्रभर रुळांच्या कडेनं चालत आले आणि गाड्या बंद आहेत असं समजून दमून रुळांवरच झोपले. सकाळी जे फोटो देशानं पाहिले, त्यात रुळांमध्ये विखुरलेल्या पोळ्या होत्या. वाटेत खायला म्हणून त्यांनी बरोबर घेतलेल्या.

आता काय चाललंय?

टाळेबंदी उठल्यावर कारखाने सुरू झाले, पोरं परत आली, पाट्या पुन्हा लागल्या. काही खानावळी मात्र उघडल्याच नाहीत. काहींनी टेबलं काढून फक्त डबे सुरू केले, कारण डब्याला जागा लागत नाही. यूपीआयमुळे "सुट्टे नाहीत" हे कारण गेलं, "पगार झाला की टाकतो" हे राहिलं. मोबाईल ॲपवर रात्री अकरालाही बिर्याणी येते, त्यामुळे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मेसमध्ये खाडे जास्त पडतात. वीस तारखेनंतर सगळे मेंबर वेळेवर हजर असतात.

रविवारी दुपारी फीस्ट. पनीर नाहीतर अंडाकरी, सोबत शिरा किंवा गुलाबजाम. पाहुणा आणायचा तर आधी सांगायचं आणि त्याचे वेगळे पैसे. संध्याकाळी खानावळ बंद. मुकुंदवाडी चौकातल्या वडापाव आणि भुर्जीच्या गाड्यांवर त्या एका संध्याकाळी जास्त गर्दी असते. खानावळीच्या घरात आठवड्याभरातला एकच स्वयंपाक फक्त घरच्यांसाठी होतो, तोही बहुतेक खिचडीचा, कारण त्यापलीकडे काही करायची ताकद उरलेली नसते. सोमवारी पहाटे साडेचारला पुन्हा परातीत पीठ पडतं. पहिल्या पाळीचे डबे सहाच्या आत भरून ठेवायचे असतात.